सर्पगंधा : मुळीपासून गोळीपर्यंत

‘झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय कसा होईल?’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले असते. रक्तदाब उतरवणाऱ्या सर्पगंधेच्या उदाहरणाने आपण ते तपासून पाहू.

सर्पगंधा हे कण्हेर व सदाफुलीच्या कुळातले लहानसे झुडूप. त्याची कडू मुळी भारतात सर्पदंश आणि वेड यांवर पूर्वापार दिली जाई. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी तिने रक्तदाबही उतरतो, असे नोंदवले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर तिची चाचणी घेऊन १९४९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपिन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले.

रेसरपिन काम कसे करते? आपल्या चेतातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन साठवलेले असते. ते सुटले की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व दाब वाढतो. हे रसायन पिशव्यांत भरणाऱ्या प्रथिनाला रेसरपिन अडवते. साठा आटतो, वाहिन्या सैलावतात, हृदयाचे ठोके मंदावतात आणि दाब उतरतो.

परंतु अशाच पिशव्या मेंदूतही असतात. तेथे सेरोटोनिन आणि डोपामिन यांचेही साठे घटतात. त्यामुळे, विशेषतः मात्रा वाढली तर, सुस्ती किंवा तीव्र खिन्नता येऊ शकते. म्हणजे गुण आणि अपाय एकाच क्रियेतून उद्भवतात. औषध मुळीतून घेतले काय किंवा गोळीतून, त्यात फरक पडत नाही.

फरक आहे तो मोजमापाचा. रेसरपिनची रोजची मात्रा साधारणतः पाव मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसते. मुळीतील त्याचे प्रमाण मात्र जमीन, हंगाम व झाडाचे वय यांनुसार बदलते. चमचाभर चुर्णात ते किती, हे डोळ्यांना कसे कळणार? आज रक्तदाबावर इतर औषधे उपलब्ध असल्याने रेसरपिन क्वचितच दिले जाते.

रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणूनच डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करून काढा सुरू करणे धोक्याचे ठरते. लसूण असो वा अर्जुनसाल, वर्गात विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवू या : यातला कार्यकारी घटक कोणता? मात्रा किती? आणि किती रुग्णांवर, कशा रीतीने पडताळले?