कलमाच्या चाकूचा स्क्रू : ढिला नको, गच्चही नको

पावसाळा आला की आमच्या गटाच्या रोपवाटिकेत आंब्याची कोय कलमे बांधायची घाई सुरू होते. कोय रुजून दहा-पंधरा दिवस झालेले, तांबूस पानांचे रोप घ्यायचे, वरचा शेंडा उडवून दांड्याला मधोमध चीर द्यायची, काडीला चार-पाच सेंटिमीटरची पाचर करायची आणि ती चिरेत बसवून पट्टीने बांधायची. हे सगळे काम एका घडीच्या चाकूवर चालते. आज त्या चाकूबद्दलच बोलू या. त्याला कारणही तसेच आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका चाकूचे पाते हलायला लागले. आम्ही डिसमिस घेतला आणि जोर लावून स्क्रू गच्च आवळला. पाते हलायचे थांबले, पण चाकू सहज उघडेना. दुसऱ्या दिवशी ओल्या हातांनी तो उघडताना आमच्यातल्या एका ताईंचा हात निसटला. अंगठ्याला चार टाके पडले आणि ऐन हंगामात आठ दिवस काम बुडाले. दवाखान्याचा खर्च गटाने दिला, पण दुखणे त्यांनीच सोसले. चूक त्यांची नव्हती, आवळणाऱ्या आमची होती.

पाते ज्या स्क्रूवर फिरते तो ढिला असेल तर पाते डावी-उजवीकडे डुलते. मग काप सपाट येत नाही. काडीच्या आणि रोपाच्या सालीखालचा ओला थर एकमेकांना नीट टेकत नाही, आणि कलम जुळण्याआधीच काडी सुकते. स्क्रू फार घट्ट असेल तर चाकू उघडायला जोर लागतो, आणि जोर लावलेला हातच निसटतो.

आधी तपासणी करा. पाते अर्धे उघडा. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची बोथट बाजू धरा. धारेकडे बोट नको. हलकेच डावी-उजवीकडे हलवून पाहा. खुटखुट जाणवली तर स्क्रू ढिला आहे. नखाच्या खाचेतून पाते उघडताना नख दुखत असेल, तर तो घट्ट आहे किंवा आत चीक साचला आहे.

म्हणून डिसमिस घेण्याआधी चाकू धुवा. आंब्याचा चीक आणि माती सांध्यात जाऊन बसते. कोमट साबणाचे पाणी आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. कोरडा पुसून उन्हात वाळवा आणि सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते पुढे चिकट होते. पुष्कळदा एवढ्यानेच पाते मोकळे होते.

तरीही डुलत असेल तर चाकू मिटा, पाटावर ठेवा आणि खाचेत बरोबर बसेल असाच डिसमिस घ्या. घड्याळाचा काटा बारावरून एकावर जातो, तेवढेच फिरवा. पुन्हा चार-पाच वेळा उघडझाप करा, पुन्हा तपासा. लागले तर आणखी तेवढेच. डुलणे थांबले आणि पाते सहज उघडते, तिथे थांबा. स्क्रू सारखा सैल होत असेल तर त्याच्या कडेला नेलपॉलिशचा एक थेंब लावून वाळू द्या.

काही चाकूंना स्क्रू नसतो, ठोकलेला रिबीट असतो. तो घरी ठोकत बसू नका. लोहाराकडे न्या. ऐरणीवर ठेवून कडेकडेने हलके ठोके द्यायला सांगा. एक ठोका जास्त पडला तर पाते अडकते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चाकू उघडल्यावर पाते जागेवर धरून ठेवते ती मुठीच्या पाठीतली स्प्रिंग. ती कमकुवत झाली असेल तर स्क्रू आवळून ती उणीव भरून निघत नाही. असा चाकू काप घेताना बोटांवर मिटू शकतो. तो बाजूलाच ठेवा. चांगल्या चाकूचीही बोथट बाजू कशावर टेकवून दाबू नका, आणि मिटताना बोटे खोबणीत ठेवू नका.

काम सुरू करण्याआधी पात्यावरचे तेल स्वच्छ पुसा. कापावर तेल लागले तर कलम धरत नाही.

आता आमच्या गटात दर सोमवारी, कलमे बांधायला बसण्याआधी, सगळे चाकू एका ताटात येतात. दोघी मिळून तपासतात. ज्या ताईंना टाके पडले होते, त्याच आता नव्या मुलींना डिसमिस किती फिरवायचा ते दाखवतात.

तुमच्याकडच्या चाकूचे पाते आजच हलवून पाहा.