कंत्राटदारांचा संघ आणि त्याचें कार्य

'लग्न पाहावें करून आणि घर पाहावें बांधून' ही म्हण महाराष्ट्रांत घरोघरीं ऐकूं येते. ती ऐकतांना डोळ्यांपुढें उभा राहतो तो घरमालक: पैशांची तोंडमिळवणी करणारा, गवंड्याच्या मागें धांवणारा आणि वास्तुशांतीचा मुहूर्त लांबत चाललेला पाहून कपाळाला हात लावणारा. परंतु त्याच घराच्या दुसऱ्या बाजूस आणखी एक मनुष्य उभा असतो. तो म्हणजे कंत्राटदार. त्याच्याविषयीं लोकमत फारसें अनुकूल नसतें. पूल खचला किंवा शाळेचें छत गळूं लागलें कीं पहिलें बोट त्याच्याकडे वळतें, आणि पुष्कळ वेळां तें योग्यहि असतें. तथापि हा धंदा कोणत्या अडचणींतून चालतो, आणि त्या अडचणींशीं झगडण्यासाठीं या धंद्यांतील लोकांनीं कोणती योजना केली आहे, याची माहिती सुशिक्षित कुटुंबांतहि क्वचितच आढळते.

या धंद्याचें पहिलें वैशिष्ट्य असें कीं, यांत वस्तु तयार होण्यापूर्वींच तिची किंमत ठरून गेलेली असते. वाणी आधीं गूळ विकत घेतो आणि मग त्यावर नफा चढवून तो विकतो. कंत्राटदाराचें नेमकें उलट आहे. तो प्रथम निविदा भरतो, म्हणजे अमुक इमारत अमुक रकमेंत पुरी करून देईन असें लिहून देतो, आणि त्यानंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षें सिमेंट, लोखंड, वाळू व खडी विकत घेत राहतो. समजा, काम एक कोटि रुपयांचें आहे. त्यांत सिमेंट व लोखंड मिळून पस्तीस लाखांचें लागणार आहे. आणि सर्व खर्च वजा जातां दहा लाख रुपये उरतील असा त्याचा अंदाज आहे. काम सुरू झाल्यावर लगेच या दोन जिनसांचा भाव शेंकडा वीस वाढला, तर सात लाख रुपये तेथेंच गेले. दहांतून सात वजा झाले आणि हातीं तीन उरले; तेहि पाऊस वेळेवर थांबला आणि बिल वेळेवर मिळालें तर!

बिल वेळेवर मिळणें ही दुसरी अडचण. काम मोजलें जाऊन मोजमाप-वहींत त्याची नोंद झाल्याखेरीज बिल तयार होत नाहीं. तयार झालें तरी मंजूर व्हावें लागतें. मंजूर झालें तरी खात्याकडे पैसे शिल्लक असावे लागतात. प्रत्येक बिलांतून कांहीं रक्कम सुरक्षा-ठेव म्हणून कापून घेतली जाते, ती निराळीच. इकडे मजुरांचा पगार मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. बाजाराच्या दिवशीं बिगाऱ्याच्या हातांत पैसे पडले नाहींत तर त्याची चूल पेटत नाहीं आणि दुसऱ्या दिवशीं तो कामावर येत नाहीं. मोठ्या कंपनीला बँक कर्ज देते. लहान कंत्राटदार मात्र अशा वेळीं सावकाराचें दार ठोठावतो, किंवा बायकोचे दागिने गहाण टाकतो.

तिसरी अडचण करारनाम्याची. सरकारी कामाचा करारनामा छापील असतो आणि तो काम देणाऱ्यानेंच लिहिलेला असतो. उशीर झाला तर दंड कंत्राटदाराला. परंतु जागा ताब्यांत द्यावयास किंवा नकाशे पुरवावयास खात्यानेंच उशीर केला, तर त्याची भरपाई मिळेलच असें नाहीं. वाद उत्पन्न झाला म्हणजे पूर्वीं बहुधा त्याच खात्याचा एखादा वरिष्ठ अधिकारी लवाद म्हणून बसत असे. अशा करारनाम्याविरुद्ध एकट्या मनुष्यानें तोंड उघडावें कसें? आज तक्रार केली तर उद्यांची निविदा आपणांस मिळणार नाहीं, ही भीति त्याच्या मनांत सदैव वसत असते. म्हणून तो मुकाट्यानें सही करतो.

ही कोंडी फोडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुण्यांत झाला, ही गोष्ट मराठी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९४१ सालीं दुसरें महायुद्ध भडकलेलें होतें आणि लष्करी बांधकामें झपाट्यानें वाढत होतीं. हीं कामें 'मिलिटरी इंजिनिअरिंग सर्व्हिसेस' हें खातें देत असे. पुणें व खडकी येथें लष्कराच्या जुन्या छावण्या असल्यामुळें या खात्याचीं कामें करणारे कंत्राटदार तेथें होतेच. खात्याच्या एकतर्फी अटींना तोंड देण्यासाठीं ते एकत्र आले, आणि त्या एकीतून 'बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था उभी राहिली. पुढें तिची मुख्य कचेरी मुंबईस आली आणि तिच्या शाखा, ज्यांना ती 'केंद्रें' म्हणते, देशभर दोनशेंच्या वर पसरल्या. 'गांव करी तें राव न करी' या म्हणीचें हें एक चांगलें उदाहरण होय. जी तक्रार एकट्यानें केली असतां उद्धटपणा ठरते, तीच शेंकडों जणांच्या वतीनें, कोणाचेंहि नांव न घेतां, संस्थेच्या शिक्क्याखालीं गेली म्हणजे तिला निवेदनाची प्रतिष्ठा प्राप्त होते. व्यापारी संघाचा पहिला उपयोग हाच.

अशा संघाचें नित्याचें काम फारसें गाजत नाहीं. नवीन कायद्याचा अर्थ सभासदांना समजावून देणें, करारनाम्यांतील अन्यायाच्या कलमांकडे खात्याचें लक्ष वेधणें, लांबणाऱ्या कामांत भाववाढ भरून देणारें कलम असावें म्हणून आग्रह धरणें, आणि थकलेल्या बिलांसाठीं मंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणें नेणें, या गोष्टी तो करीत असतो. परंतु कांहीं प्रसंग असे येतात कीं, तेथें निवेदनें पुरीं पडत नाहींत आणि न्यायालयाची पायरी चढावी लागते.

असा एक प्रसंग विक्रीकराचा होता. कंत्राटदार घर बांधून देतो तेव्हां तो विटा आणि सिमेंट 'विकतो' असें म्हणतां येईल काय? १९५८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, मद्रास सरकार आणि गॅनन डंकर्ले कंपनी यांच्या खटल्यांत, याचें उत्तर नकारार्थी दिलें. इमारतीचा करार हा एकसंध करार आहे. त्यांतून मालाची विक्री वेगळी काढून तिच्यावर राज्यांना कर बसवितां येणार नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्यानंतर सुमारें चोवीस वर्षांनीं, १९८२ सालीं, राज्यघटनेंत शेहेचाळिसावी दुरुस्ती झाली आणि कामाच्या करारांत वापरल्या जाणाऱ्या मालावर कर बसविण्याची वाट राज्यांना मोकळी झाली. राज्याराज्यांनीं आपापल्या परीनें कर बसविले. कोठें कोठें संपूर्ण कामाच्या किंमतीवर, म्हणजे मजुरीवरसुद्धां, कर पडतो कीं काय अशी धास्ती उत्पन्न झाली. तेव्हां बिल्डर्स असोसिएशननें स्वतःच्या नांवानें सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली.

१९८९ सालीं त्याचा निकाल लागला. दुरुस्ती वैध ठरली; त्या मुद्द्यावर संघ हरला. परंतु न्यायालयानें असेंहि सांगितलें कीं, सामान्य विक्रीवर कर बसवितांना राज्यांवर घटनेचीं जीं बंधनें असतात, तींच येथेंहि पाळलीं पाहिजेत. १९९२ सालच्या आणखी एका निकालानें हें अधिक स्पष्ट झालें: कर मालाच्या किंमतीवर, मजुरी, नकाशे व आराखड्यांचा खर्च, यंत्रांचें भाडें इत्यादि रकमा त्यांतून वजा केल्या पाहिजेत. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आल्यावर ही सारी व्यवस्थाच बदलली आणि कामाचा करार ही सेवा मानली गेली. तरीहि त्या लढ्याचें महत्त्व कमी होत नाहीं. एखाद्या तालुक्याच्या गांवीं शाळेच्या दोन खोल्या बांधणाऱ्या कंत्राटदाराला असा खटला चालविणें जन्मांत शक्य झालें नसतें. वर्गणीच्या बळावर संघानें तो चालविला, आणि त्याच्या निकालाचा लाभ संघाचे सभासद नसलेल्यांनाहि मिळाला.

दुसरा प्रसंग सिमेंटचा. २०१० सालीं याच संस्थेनें भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नोंदविली कीं, मोठ्या सिमेंट कंपन्या आपसांत संगनमत करून भाव चढे ठेवीत आहेत. आयोगानें चौकशी करून जून २०१२ मध्यें दहा कंपन्यांना व सिमेंट उत्पादकांच्या संघटनेला मिळून सुमारें ६,३०० कोटि रुपयांचा दंड केला. कंपन्यांनीं अपील केलें. ज्या अध्यक्षांनीं युक्तिवाद ऐकला नव्हता त्यांनींहि निर्णयावर सही केली होती, या दोषामुळें अपील न्यायाधिकरणानें डिसेंबर २०१५ मध्यें तो निर्णय रद्द करून प्रकरण परत पाठविलें. पुन्हां सुनावणी झाली. ऑगस्ट २०१६ मध्यें पुन्हां दंड झाला. जुलै २०१८ मध्यें अपील न्यायाधिकरणानें तो कायम केला. कंपन्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. त्या न्यायालयानें त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें अपिलें दाखल करून घेतलीं आणि दंडाच्या दहा टक्के रक्कम भरण्याची अट कायम ठेवली. तक्रारीच्या पहिल्या कागदापासून येथवर आठ वर्षें लोटलीं. इतका दम एकट्यादुकट्याला कोठून असणार?

या प्रकरणांत एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तक्रार करणारा एक व्यापारी संघ होता, आणि जिच्यावर ठपका आला तीहि एक व्यापारी संघटनाच होती. कंपन्यांच्या प्रतिनिधींनीं संघटनेच्या बैठकींत एकत्र यावें, उत्पादनाची व भावांची माहिती एकमेकांस द्यावी, आणि त्यांतूनच पुढें भाव ठरावे, असा आयोगाच्या ठपक्याचा रोख होता. म्हणजे ज्या चौकटींत दुर्बळांची एकी होते, त्याच चौकटींत बळवंतांचें कारस्थानहि शिजूं शकतें. कंत्राटदारांचा संघहि या मोहापासून दूर नाहीं. चार सभासदांनीं चहा घेतां घेतां पुढील निविदा कोणीं कितीला भरावयाची हें ठरविलें, तर तो संघ राहत नाहीं. ती जनतेची लूट होते. २००२ सालच्या स्पर्धा कायद्याप्रमाणें असें संगनमत दंडनीय आहे. तेव्हां ज्या संघाला इतरांचें संगनमत न्यायासनापुढें न्यावयाचें आहे, त्यानें आधीं आपलें अंगण झाडलेलें असलें पाहिजे.

तिसरा प्रसंग प्रत्येक कुटुंबानें अनुभवलेला. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली. बांधकामें जागच्या जागीं थांबलीं, आणि सहस्रावधि मजूर डोक्यावर बोचकीं घेऊन गांवाकडे पायीं निघाले. करारनाम्यांतील मुदती मात्र थांबल्या नव्हत्या. कॅलेंडराचें पान उलटत होतें आणि दंडाची टांगती तलवार होतीच. व्यावसायिकांच्या संघटनांनीं सवलतींची मागणी केली. मे २०२० मध्यें केंद्र सरकारनें आपल्या खात्यांच्या कामांना, कोणताहि दंड न करतां, सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ जाहीर केली आणि झालेल्या कामाच्या प्रमाणांत बँकेची हमी मोकळी करण्यास सांगितलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें, कामाच्या हमीपोटीं घेतली जाणारी पांच ते दहा टक्क्यांची सुरक्षा-रक्कम कांहीं काळापुरती तीन टक्क्यांवर आणली गेली. एक कोटीच्या कामावर दहा लाखांऐवजीं तीन लाख अडकून राहिले, तर सात लाख रुपये पगार देण्यास मोकळे होतात. पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें लोखंड व सिमेंट यांच्या भाववाढीच्या निषेधार्थ बिल्डर्स असोसिएशननें एक दिवस कामें बंद ठेवण्याची हांक दिली. निवेदन, न्यायालय आणि निषेध हीं तिन्ही साधनें संघ कशीं वापरतो, हें यावरून दिसून येईल.

मात्र ज्या मजुराच्या नांवानें या सवलती मागितल्या जातात, त्याच्यापर्यंत त्यांचा लाभ पोंचतो काय, हा प्रश्न संघाच्या प्रत्येक सभेंत विचारला गेला पाहिजे. बांधकाम-मजुरांच्या कल्याणासाठीं १९९६ सालीं कायदे झाले आणि बांधकामाच्या खर्चावर निदान एक टक्का उपकर घेण्याचें ठरलें. तो पैसा मजुराला मिळावयाचा तर त्याची नोंदणी झालेली असावी लागते. आणि आज नाशकास तर उद्यां सुरतेस जाणाऱ्या मजुराची नोंदणी आपोआप होत नाहीं. येथें कंत्राटदाराचें सहाय्य मोलाचें ठरतें. खात्याकडून बिल वेळेवर मिळावें अशी संघाची मागणी रास्त आहे. परंतु त्याच न्यायानें सभासदाकडून मजुराचा पगारहि वेळेवर मिळावा, हें संघानें पाहिलें पाहिजे. जो न्याय वरच्याकडे मागावयाचा, तो खालच्याला देतां आला नाहीं, तर मागणीचें तेज नाहींसें होतें.

सामान्य गृहस्थाला या साऱ्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कर्तव्य आहे. भाववाढीनें व थकलेल्या बिलांनीं कोंडलेला कंत्राटदार दोन गोष्टी करूं शकतो: काम अर्धवट टाकून निघून जातो, किंवा सिमेंट कमी घालून काम पुरें करतो. पहिल्या प्रकारांत पुलाचे उघडे खांब वर्षानुवर्षें पावसांत भिजत राहतात. दुसऱ्यांत तो पूल वाहतुकीला खुला होतो, आणि तें अधिक भयंकर असतें. कराराच्या अटी न्याय्य असणें हें म्हणूनच केवळ कंत्राटदाराच्या नफ्यासाठीं नाहीं. ज्या छताखालीं मुलें शिकतात आणि ज्या पुलावरून कुटुंबें प्रवास करतात, त्यांच्या मजबुतीचा पाया त्या अटींतच घातलेला असतो. घर बांधून पाहणाऱ्याचे कष्ट म्हणीनें सांगितलेच आहेत. तें घर बांधून देणाऱ्याचे कष्ट कमी झाले, आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीहि त्याला कळली, तरच त्या घराच्या भिंती सरळ उभ्या राहतील.