अंधेरीचा काळा कडा

कान्हेरीची लेणी पाहिलेले मुंबईकर हजारोंनी भेटतील. पण गिल्बर्ट हिल पाहिलेला शंभरांत एखादा! आणि हा खडक आहे तरी कुठे? अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजजवळ. मेट्रोने आझादनगरला उतरावे आणि गावदेवीच्या डोंगरीची वाट विचारावी.

गल्लीबोळांतून जाताना इमारतींच्या फटीतून एकाएकी काळी भिंत समोर येते. उंची सुमारे २०० फूट. अंगभर उभ्या रेघा. जणू दगडी खांब कुणी एकमेकांना खेटून उभे केले आहेत. पण ते कुणी घडविलेले नाहीत. दख्खनच्या भूमीतून ६ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जो लाव्हारस उसळला, त्यातलाच हा थोडा. निवताना तो आकसला आणि त्याला तडे गेले. उन्हाळ्यात तळे आटले की तळच्या चिखलाला भेगा पडतात ना, तसेच. इथे मात्र भेगा खोल उतरत गेल्या आणि पाच-सहा बाजूंचे खांब तयार झाले. अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर अशाच खांबांचा. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारक ठरविले आणि त्याच्याभोवतीचे रान राखले गेले.

आपल्या कड्याभोवतालचा डोंगर खडीसाठी फोडला गेला. उरला तो हा सुळका. १९५२ साली केंद्र सरकारने त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला, असे सांगतात. २००७ साली त्याची वारसास्थळांच्या दुसऱ्या श्रेणीत गणना झाली. आता 'उद्यान' म्हणून कुणी हिरवळ शोधू लागला, तर त्याची फजितीच! पायथ्याला झोपड्या आणि उंच इमारती अशा भिडल्या आहेत की, सबंध खडक एका नजरेत मावेल अशी जागा सापडणे मुश्कील.

माथ्यावर जायला पायऱ्या आहेत. वर गावदेवीचे आणि दुर्गामातेचे देऊळ. भाविक हात जोडतात, चार घटका वारा खातात आणि उतरतात. पायाखाली काय आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते. देवी वर बसली म्हणून माथा तरी शाबूत राहिला, असे आपले मला वाटते.

खरी काळजी निराळीच आहे. ज्या भेगांमुळे हे खांब झाले, त्याच भेगांत पावसाचे पाणी मुरते आणि दगड सुटू लागतात. खाली तर माणसांचे संसार! पायथ्याशी मोकळा पट्टा हवा, हे कुणीही सांगेल; पण तिथल्या बिऱ्हाडांना आधी दुसरीकडे धड घर मिळायला नको का? दर्जाचा कागद देणे त्या मानाने सोपे होते.

जाणार असाल तर पावसाळा टाळा. आणि पायऱ्या चढण्याआधी खालच्या गल्लीतून एक फेरी मारा. खांब दिसतात ते तिथूनच.