परदेशी निघताना कोणतं पुस्तक घ्यावं?

मैत्रिणींनो, परदेशगमन आता श्रीमंतांच्या घरचंच राहिलेलं नाही. लोणावळ्यात काय किंवा आमच्या वडिवळ्यासारख्या धरणाकाठच्या गावात काय, कुणाची लेक जर्मनीत असते, कुणाचा मुलगा अमेरिकेत. बाळंतपणाला म्हणून आई निघते. बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, बाळंतविडा सारं काही जातं. राहतं ते फक्त त्या देशाची माहिती देणारं पुस्तक!

मग होतं काय, की तीन महिने राहून आई परत येते आणि ‘काय काय पाहिलंत?’ असं विचारलं, तर मॉल, देऊळ आणि मुलाच्या मित्रांची घरं, एवढंच सांगते. मुलं दिवसभर कामावर. दमून आल्यावर त्यांना ‘मला जरा बाहेर ने’ म्हणायचं तरी कसं? हा संकोच तुम्हां-आम्हांला काही नवा नाही. पण हाताशी चांगलं पुस्तक असेल, तर बाळ-बाळंतीण झोपलेली असताना, घरात दुसरं कुणी असेल त्या दुपारी, बसने दोन तास फिरून येता येतं. तेव्हा पुस्तक मुलाला विचारून नव्हे, स्वतःच्या सोयीनं निवडायचं.

आधी एक घोळ दूर करू. प्रवासवर्णन वेगळं आणि मार्गदर्शक पुस्तक वेगळं. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ किंवा मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ जाण्याआधी जरूर वाचा. मन तयार होतं. पंडिता रमाबाईंनी तर १८८९ सालीच अमेरिकेचं प्रवासवृत्त मराठीत छापलं होतं! पण बस कुठे मिळते, तिकीट कुठे काढायचं, स्वच्छतागृह कुठे आहे, हे सांगणं प्रवासवर्णनाचं काम नव्हे. त्यासाठी मार्गदर्शकच हवा, आणि तो बहुधा इंग्रजीतच घ्यावा लागतो. घाबरू नका. शाळेतल्या इंग्रजीवर निभतं.

आता निवडायचं कसं? माझी एक साधी युक्ती आहे. ज्या मालिकेतलं पुस्तक घ्यायचं, त्याच मालिकेतलं भारतावरचं पुस्तक दुकानात किंवा वाचनालयात आधी मागा आणि आपलं लोणावळा-कार्ले काढून बघा. कार्ल्याला आणि भाज्याला जवळचं स्टेशन मळवली, हे दिलंय का? एकवीरा आईचं देऊळ लेण्याच्या अगदी तोंडाशीच आहे, यात्रेला तिथे मुंगीला वाव नसतो, हे लिहिलंय का? चैत्यगृहातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानींकडे मान वर करून बघा, असं सांगितलंय का? की ‘प्राचीन लेणी, सुंदर निसर्ग’ म्हणून दोन ओळींत बोळवण केलीय? आपल्या अंगणाबद्दल जो नीट सांगतो, तो पॅरिसबद्दलही बरं सांगेल, असं समजायला हरकत नाही. वडिवळ्याचं नाव नसलं म्हणून रुसू नका हं. एका पुस्तकात सगळी गावं मावत नाहीत.

मग पान उलटून छापल्याचं साल पाहा. अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं, की आपला जीव हरखतो. पण २०१९ सालचं पुस्तक क्रोएशियात कुना हे चलन चालतं म्हणून सांगेल. तिथे १ जानेवारी २०२३ पासून युरो आलाय. २०२१ सालचं पुस्तक पॅरिसचं नोत्र दाम आगीमुळे बंद आहे म्हणेल, आणि ते तर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. इतिहास जुन्या पुस्तकातला चालतो, पैशाअडक्याचा आणि वेळांचा भाग नव्हे. व्हिसाच्या बाबतीत तर कुठल्याच पुस्तकावर विसंबू नका. त्या देशाच्या वकिलातीची ताजी सूचनाच खरी.

शाकाहारी असाल, तर खाण्याचं प्रकरण दुकानात उभ्या उभ्याच वाचा. जपानमध्ये भाजीच्या सुपातसुद्धा बहुधा माशाचं पाणी असतं, थायलंडमध्ये पालेभाजीवर माशाचा सॉस पडतो. हे जे पुस्तक सांगत नाही, ते आपल्या काय कामाचं? ऑस्ट्रेलियाला जाणारीनं खाण्याचे जिन्नस विमानतळावर जाहीर करावे लागतात, लपवल्यास दंड होतो, हेही त्यात हवं. सुट्टीचे वारही पाहा. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं. लांबून जाऊन कुलूप बघायची वेळ नको. सासूबाई बरोबर असतील, तर चढ-पायऱ्या किती आणि लिफ्ट आहे का, हे सांगणारं पुस्तक दहा रंगीत चित्रांपेक्षा मोलाचं.

चित्रांवरून आठवलं. ‘आयविटनेस’ मालिकेची पुस्तकं दिसायला देखणी, इमारतींची चित्रं अशी की इंग्रजी फारसं न वाचताही कळावं. पण गुळगुळीत कागदामुळे जड! ‘लोनली प्लॅनेट’मध्ये (१९७३ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्यानं सुरू केलेलं) बस-गाड्यांची माहिती भरपूर, अक्षर मात्र बारीक. चष्मा लावून दुकानातच एक पान वाचून बघा.

‘सगळं फोनमध्ये असतं की!’ असं मुलं म्हणतील. असतं, खरंय. पण परक्या गावात बॅटरी संपली, नेट गेलं, की पिशवीतला कागदी नकाशाच कामी येतो. पुस्तक जड असेल तर आपल्या शहराच्या पानांच्या झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवा. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मुलाच्या घरचा पत्ता आणि फोन त्या देशाच्या लिपीत त्याच्याकडूनच लिहून घ्या, म्हणजे टॅक्सीवाल्याला नुसतं पान दाखवलं की झालं.