सीटी स्कॅनला जाण्यापूर्वीं

गेल्या श्रावणांतली गोष्ट. अंबरनाथ पूर्वेस, शिलाहारकालीन शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यानजीक आमचे एक स्नेही राहतात. त्यांच्या मातुःश्री सोमवारीं देवदर्शन करून परत येत असतां ओल्या रस्त्यावर पाय घसरून पडल्या व डोकें कठड्यावर आपटलें. रक्त आलें नाहीं, शुद्धहि हरपली नाहीं. म्हणून घरीं येऊन त्या नेहमींप्रमाणें स्वयंपाकाला लागल्या. सायंकाळीं मात्र दोनदां वांति झाली. डॉक्टरांनीं तत्काळ डोक्याचा सीटी स्कॅन करण्यास सांगितलें. त्यावरून घरांत वाद माजला. थोरले चिरंजीव म्हणाले, "एका स्कॅनमध्यें तीनशें-चारशें एक्स-रे अंगांत जातात म्हणे. या वयांत आईला हा ताप कशाला?" या वादांत तीन तास गेले.

मातुःश्री हृदयविकारासाठीं रक्त पातळ राखणारी गोळी घेत होत्या, हें त्या गडबडींत कोणाच्या ध्यानींच आलें नाहीं. अशी गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या डोक्यास मार बसला असतां कवटीच्या आंत रक्त हळूहळू सांचूं शकतें, आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. तें ताजें रक्त सीटीच्या चित्रांत पांढरें उमटतें. रात्रीं स्कॅन झाला, रक्ताचा पातळ थर दिसला, गोळी थांबवून देखरेख ठेवण्यांत आली आणि बाई बऱ्या झाल्या. पण ते तीन तास फुकट गेले ते गेलेच. अर्धांगाच्या झटक्यांत तर याहूनहि घाई असते. रक्तवाहिनी फुटली आहे कीं तुंबली आहे हें आधीं सीटीनें ठरवावें लागतें, आणि गांठ विरघळविण्याचें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें.

तीनशें-चारशेंचा आंकडा आला कोठून? मे २०२१ मध्यें, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीं सौम्य लक्षणें असतां सीटी काढण्यास धांवूं नका, असें बजावतांना तो सांगितला होता. उपदेश योग्यच होता. परंतु आंकडा जुन्या यंत्रांचा आहे, असा आक्षेप क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेनें लगेच घेतला. उपदेश लोक विसरले, आंकडा तेवढा लक्षांत राहिला!

किरणांचें माप मिलिसीव्हर्टमध्यें सांगतात. माती, खडक, हवा, अन्न आणि आकाश यांपासून जगांतील माणसास वर्षाला सरासरी सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट किरण मिळतातच. डोक्याच्या स्कॅनमध्यें सुमारें २, छातीच्या स्कॅनमध्यें ५ ते ७, आणि पोटाच्या स्कॅनमध्यें ८ ते १० मिळतात. यंत्र व पद्धति यांप्रमाणें हें कमीअधिक होतें. छातीचा साधा एक्स-रे ०.१ किंवा त्याहूनहि कमी. पुढें कर्करोग होण्याचा धोका यामुळें अल्पसा वाढतो. मुलांच्या बाबतींत तो मोठ्यांहून अधिक असतो. म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : "या स्कॅनमुळें उपचारांत काय बदलेल?" उत्तर स्पष्ट असेल तर भिऊं नये; नसेल तर सोनोग्राफीनें भागेल काय, हेंहि विचारावें. असें विचारणें म्हणजे उद्धटपणा नव्हे.

इंग्लंडांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजीं घेतलें, तेव्हां एकेका कापास कित्येक मिनिटें लागत. आज संपूर्ण छाती कांहीं सेकंदांत होते. टेबल सरकतें, श्वास रोखण्यास सांगतात, आणि झालें. एमआरआयसारखा लांब बोगदा नाहीं, तसाच लोहचुंबकहि नाहीं. मंगळसूत्र, कुड्या व आंकडे काढावयाचे ते धातूमुळें चित्र बिघडूं नये म्हणून.

डोक्याच्या साध्या स्कॅनला उपाशीं राहावें लागत नाहीं. शिरेंतून आयोडीनयुक्त औषध द्यावयाचें असेल तर मात्र केंद्राच्या सूचना पाळाव्या. तें टोंचतांच अंगभर ऊब पसरते, तोंडास धातूची चव येते व लघवी झाल्याचा भास होतो; कित्येक भगिनी या भासानें संकोचून जातात, पण तसें कांहीं झालेलें नसतें. पूर्वीं या औषधानें अंगावर पित्त उठलें असेल, श्वास कोंडला असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर न विचारतां सांगावें. मूत्रपिंड फारच दुर्बल असतां मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी ४८ तास बंद ठेवावी लागते. परंतु तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच. मासळी सोसत नाहीं म्हणून हें औषधहि चालणार नाहीं, ही समजूत खरी नव्हे (आमच्या सारस्वत वाचकांस हें सांगणें बरें). अंगावर पाजणाऱ्या मातेनें पाजणें थांबविण्याचीहि सहसा आवश्यकता नसते.

आतां घरांत घडणारी चूक. अहवालाचा कागद जपून ठेवतात आणि सीडी मुलांच्या खेळण्यांत जाते. दुसऱ्या डॉक्टरांस मूळ चित्रें पाहिजे असतात. तीं न मिळाल्यास स्कॅन पुन्हा होतो, म्हणजे पुन्हा खर्च आणि पुन्हा किरण. सीडीवर तारीख व अवयवाचें नांव लिहून ती अहवालाबरोबरच ठेवावी.

आमच्या स्नेह्यांच्या मातुःश्री आतां आपल्या सर्व गोळ्यांचीं नांवें लिहिलेली चिठ्ठी बटव्यांत बाळगतात. सोमवारीं देवळांत जातांना बेलाच्या पानांबरोबर ती चिठ्ठीहि आहे कीं नाहीं, हें त्या चांचपून पाहतात.