सभाधीटपणा

मंडळी, बांधावर बसून तासभर पिकापाण्याची हकीकत सांगणारा गडी ग्रामसभेत उभा राहिला की अडखळतो. घसा कोरडा पडतो, पाय लटपटतात आणि "माझं काही नाही" म्हणून तो खाली बसतो. मग बोलणाऱ्यांचे तेवढे इतिवृत्तात उतरते, आणि याच्या वस्तीचा रस्ता राहून जातो.

पुष्कळांना वाटते, सभाधीटपणा उपजतच लागतो. तसे नाही. महात्मा गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तर तोंडून शब्द फुटेना. त्याच गांधीजींनी १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या हिंदी रहिवाशांपुढे आपले पहिले जाहीर भाषण केले. व्यापारातली सचोटी आणि आपल्या लोकांची गाऱ्हाणी, हे त्यांना मनापासून सांगायचे होते. एका सभेवर ते थांबले नाहीत. अशा सभा नेमाने भरू लागल्या. सांगण्याजोगे काही असावे आणि नेम चुकू नये, यातच धीटपणाचे बीज आहे.

भीती का वाटते? साऱ्या नजरा आपल्यावर खिळल्या की शरीराला संकट आल्यासारखे वाटते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो. वारंवार उभे राहूनही काही वाईट घडले नाही, की ही धडधड कमी होत जाते. खोंड नव्या जुवाला बुजतो. सवयीने मान आपणच पुढे करतो.

ही सवय कशी लावावी? रोज दहा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. मग घरच्यांपुढे बोला. पुढे बचत गटात किंवा दूध सोसायटीच्या बैठकीत एकच मुद्दा मांडा. तीन गोष्टी आधी ठरवा: अडचण कोणती, ती कोणाला सोसावी लागते, आणि उपाय काय. पहिले वाक्य पाठ करा, सगळे नको. सगळे पाठ केले की एक शब्द निसटताच पुढचेही निसटते.

गुरुजनहो, परिपाठात तेच ते हुशार मूल पुढे करू नका. रोज दोघांची पाळी लावली तर ४० मुलांच्या वर्गात शाळेच्या दर २० दिवसांनी प्रत्येकाला बोलायला मिळते. चुकणाऱ्याला हसायचे नाही, हा दंडक मात्र पहिल्याच दिवशी घाला.

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरवावी लागते, आणि तिच्याआधी महिलांची सभा. भगिनींनी तिथे आधी बोलून पाहावे. येत्या सभेला एकच वाक्य बोला. पुढच्या खेपेला दुसरे आपोआप सुचेल.