अंबाडी केव्हा व कशी कापावी

नांदेड व लातूर जिल्ह्यांत अंबाडीचे सलग शेत क्वचितच आढळते. ज्वारीच्या, कापसाच्या किंवा तुरीच्या कडेने दोन-चार ओळी टाकण्याचा प्रघात जुना आहे. भाजीला कोवळा पाला, घाण्याला बी आणि बैलांच्या दाव्या-कासऱ्यांना वाख, अशा तीन गरजा त्या ओळी भागवीत आल्या. अलीकडे नायलॉनच्या दोरीने तिची जागा घेतली असली, तरी त्या दोरीने बैलाची मान आणि माणसाचा तळहात दोन्ही सोलून निघतात, हे दावणीवर वावरणाऱ्यास सांगावयास नको.

अंबाडीची पाने भांगेच्या पानांसारखी चिरलेली असतात. तिच्या ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ या शास्त्रीय नावातही तेच साम्य आहे. परंतु ही भेंडी-कापसाच्या कुळातील निरुपद्रवी वनस्पती होय. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याचा तिच्याशी काही संबंध नाही. कोणी शंका काढल्यास ग्रामसेवकांनी तिचे पिवळे फूल दाखवावे.

वरील तिन्ही गरजा एकाच झाडाकडून भागविण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. भाजीसाठी शेंडा खुडला की झाडास फांद्या फुटतात व प्रत्येक फांदीच्या बेचक्यात वाख तुटतो. बी पक्व होईपर्यंत झाड उभे ठेवले, तर काडी लाकडासारखी होते व वाख राठ निघतो. म्हणून भाजीची, वाखाची व बियाण्याची झाडे पेरणीपासूनच वेगळी राखावीत.

जून-जुलैत पेरलेली अंबाडी दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलावर येते. फिकट पिवळे, मध्यभागी गडद तांबडे असे फूल सकाळी उमलून त्याच दिवशी मिटते. सुमारे निम्म्या झाडांवर फुले दिसू लागली की वाखाची कापणी करावी. त्यापूर्वी कापल्यास वाख मऊ परंतु नाजूक निघतो व वजनासही कमी भरतो.

काड्या जमिनीलगत कापाव्यात. जाड व बारीक काड्यांच्या पेंढ्या वेगळ्या बांधाव्यात, कारण दोन्ही एकाच वेळी कुजत नाहीत. पेंढ्या दोन-तीन दिवस शेतातच ठेवल्यास पाने गळून तेथेच खत होते. पुढे बुडखे दोन-तीन दिवस पाण्यात उभे भिजवून मग पेंढ्या आडव्या बुडवाव्यात. दाबण्यासाठी दगड घ्यावेत, चिखल घेऊ नये. चिखलाने वाख काळा पडतो. आठव्या दिवसापासून रोज एक-दोन काड्या काढून बुडख्याशी साल चिमटीत धरून ओढावी. ती सहज सुटली की त्याच दिवशी सर्व पेंढ्या बाहेर काढाव्यात. उबदार पाण्यात हे काम दहा-पंधरा दिवसांत होते, थंडीत अधिक दिवस लागतात. एक दिवसाचा आळसही येथे महाग पडतो. अधिक कुजलेला वाख पिळताच तुटतो.

खरी अडचण पाण्याची आहे. कुजणाऱ्या काड्या पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात, त्यामुळे मासे मरतात व दुर्गंधी सुटते. पिण्याच्या विहिरीत किंवा जनावरांच्या पाणवठ्यात पेंढ्या कदापि टाकू नयेत. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या भागात हा इशारा वेगळा समजावून देण्याची आवश्यकता नसावी. नाले-तळी न भरलेल्या वर्षी ओल्या काडीवरची साल हातानेच सोलून घ्यावी व तेवढी सालच एखाद्या हौदात भिजवावी. यास मजुरी अधिक लागते, परंतु पाणी फारच थोडे लागते व दिवसही वाचतात. कुजण्यास वेग देणारी जिवाणूंची भुकटी पश्चिम बंगालातील बराकपूर येथील ज्यूट व तत्सम तंतूंच्या केंद्रीय संशोधन संस्थेने तयार केली आहे. गावाने मिळून एकच हौद बांधला असेल, तर तिचा विचार करण्याजोगा आहे.

काढलेला वाख स्वच्छ पाण्यात धुऊन बांबूवर वाळत घालावा. 100 किलो ओल्या काड्यांपासून साधारण 5 ते 6 किलो कोरडा वाख मिळतो. उरलेल्या सणकाड्या चुलीच्या कामी येतात. बियाण्याची झाडे खालची बोंडे वाळल्यावर कापावीत व बडवताना अंग झाकून घ्यावे, कारण बोंडांवरील कुसे त्वचेत रुततात.